युरोपीय थीमची रिसॉर्ट-गावं (आशिया)

आशियातल्या एखाद्या डोंगरावर, धरणाच्या काठाला नाहीतर शहरापासून दोन-तीन तासांवर, युरोपातल्या गावाची हुबेहूब किंवा अंदाजपंचे नक्कल करून बांधलेलं गाव, जिथे तिकीट काढून किंवा रूम बुक करून लोक दिवसभर नाहीतर एक-दोन रात्री फिरायला जातात, त्याला युरोपीय थीमचं रिसॉर्ट-गाव म्हणता येईल. फरसबंद गल्ल्या, मधे चौक, चौकात कारंजं, घड्याळाचा टॉवर, उतरत्या छपरांची रंगीत घरं, खाली दुकानं आणि वर हॉटेलच्या खोल्या, हा साधारण साचा. राइड्स असल्या तरी त्या कोपऱ्यात असतात. मुख्य काम म्हणजे चालणं, खाणं, थंड हवेत बसणं आणि फोटो काढणं.

यात बरेच प्रकार एकमेकात मिसळलेले आहेत. मलेशियातलं कोलमार ट्रॉपिकाल सरळसरळ हॉटेल आहे, गावासारखं बांधलेलं. जपानचं हाउस टेन बॉश आणि व्हिएतनामचं बा ना हिल्स ही तिकिटाची पार्कं, आत हॉटेलं. चीनमधली बरीचशी आणि आपलं लवासा ही मुळात घरं विकायला काढलेली टाउनशिप, टुरिस्ट नंतर आपोआप यायला लागले. आणि दक्षिण कोरियातलं नामहे यातल्या कशातच बसत नाही, त्याबद्दल खाली.

यांना "नकली युरोप" म्हणून हसून मोकळं होणं सोपं आहे आणि इंग्रजी पेपरवाले दर दोन वर्षांनी तेच करतात. पण जरा नीट बघितलं तर या गावांमधून युरोपबद्दल फारसं काही कळत नाही, ज्या देशाने ती ज्या वर्षी बांधली त्या देशाकडे तेव्हा किती पैसा होता आणि त्याला काय हवं होतं, हे मात्र खूप कळतं.

सुरुवात

आशियात युरोपची हौशी नक्कल ही काही आजची गोष्ट नाही. चीनच्या चिएनलुंग बादशहाने बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन बागेत 1747 पासून युरोपीय पद्धतीचे महाल आणि कारंजी बांधून घेतली, डिझाइन केलं ते दरबारी असलेल्या जेझुइट पाद्र्यांनी, त्यात इटलीचा चित्रकार कास्तिल्योने मुख्य. बादशहाला युरोपला जायचं नव्हतंच, त्याला युरोप अंगणात हवा होता. 1860 मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने ही बाग लुटली आणि ब्रिटिशांनी ती जाळली, म्हणजे युरोपची नक्कल युरोपीयांनीच जाळली. अवशेष अजून आहेत, बघायला भरपूर गर्दी असते.

दुसरी मुळं हिल स्टेशनची. सिमला, व्हिएतनामचं दा लात, मलेशियाचं कॅमेरॉन हायलँड्स, इथे गोऱ्या साहेबांनी उन्हाळ्यापासून पळून स्वतःच्या गावाकडची घरं बांधली, लाकडी पट्ट्यांच्या भिंती, धुराडी, चर्च, गुलाबाची बाग सगळं. आशियातली पहिली "युरोपीय गावं" युरोपीयांनीच घराच्या आठवणीने बांधली, आणि त्या गावात फिरायला जाणं म्हणजे स्टेटस ही कल्पना मागे सोडून गेले. आजची बरीच रिसॉर्ट-गावं त्याच डोंगरांच्या आसपास आहेत हा योगायोग नाही. हवा थंड, शहर जवळ आणि लोकांच्या डोक्यात "थंड हवा म्हणजे युरोपसारखं" हे समीकरण आधीच फिट.

जपान

या प्रकाराला उद्योगाचं रूप दिलं ते जपानने. 1987 मध्ये तिथे रिसॉर्ट कायदा आला, ग्रामीण भागात रिसॉर्ट काढणाऱ्याला टॅक्समध्ये सवलत आणि स्वस्त कर्ज. तेव्हा जमिनीच्या किमती आणि शेअर बाजार दोन्ही आकाशाला भिडलेले, बँका कर्ज द्यायला दारात उभ्या, आणि तरुण शहरात निघून गेल्यामुळे ओस पडत चाललेले जिल्हे काहीतरी करा म्हणून मागे लागलेले. मग काय, होक्काइदोत जर्मनी, निइगातात रशिया, मिए जिल्ह्यात स्पेन, फुकुशिमाच्या डोंगरात ब्रिटन. फुगा 1990 नंतर फुटला पण तोवर बऱ्याच ठिकाणी पाया खणून झाला होता, त्यामुळे यातली कितीतरी गावं मंदी सुरू झाल्यावर उघडली आणि पहिल्या दिवसापासून कर्जाखाली दबलेली होती.

यातलं सगळ्यात मोठं हाउस टेन बॉश. नागासाकी जिल्ह्यातल्या सासेबोला, ओमुरा खाडीच्या काठी, 25 मार्च 1992 ला सुरू झालं. त्याच्या आधी 1983 मध्ये त्याच लोकांनी जवळच एक छोटं हॉलंड व्हिलेज काढलं होतं, ते चाललं म्हणून मोठं काढलं. जागा म्हणजे कारखान्यांसाठी भराव टाकून तयार केलेली पण कारखानेच न आलेली जमीन, 150 हेक्टरच्या वर. तिथे चार लाख झाडं लावली, सहा किलोमीटर कालवे खणले, नेदरलँड्समधून विटा आणल्या आणि उत्रेख्तच्या डोम टॉवरची 105 मीटर उंच नक्कल उभी केली (मूळ टॉवर 112 मीटरचा आहे, म्हणजे अगदीच थोडक्यात सोडला). हॉलंडच का, तर दोनशे वर्षांहून जास्त काळ, म्हणजे 1641 पासून 1850 च्या दशकापर्यंत, जपानमध्ये युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना परवानगी होती आणि तीही नागासाकीतल्या देजिमा नावाच्या छोट्याशा कृत्रिम बेटावर. त्यामुळे इथे डच घर दिसणं नागासाकीकरांना तितकं उपरं वाटत नाही.

पार्कच्या टोकाला नेदरलँड्सच्या हेगमधल्या हाउस टेन बॉश याच नावाच्या राजवाड्याची प्रतिकृती आहे, डच राजघराण्याच्या परवानगीने बांधलेली. आत रॉब शोल्टे या डच चित्रकाराने भिंती आणि घुमट भरून टाकणारं प्रचंड चित्र काढलंय, ते मूळ राजवाड्यात नाही. मागची बाग तर त्याहून भारी. दानिएल मारो या वास्तुकाराने अठराव्या शतकात त्या राजवाड्यासाठी काढलेलं डिझाइन हॉलंडमध्ये कधी प्रत्यक्षात आलंच नाही, ते इथे जपानमध्ये लावलं. म्हणजे ती बाग बघायची तर सासेबोलाच यावं लागतं, हॉलंडमध्ये ती मिळणार नाही. "नक्कल" या शब्दात हे बसवायचं कसं ते ज्याने त्याने ठरवावं.

धंदा मात्र बसला नाही. 1996 च्या सुमारास वर्षाला 40 लाखांच्या आसपास लोक येत होते, तिथून आकडा घसरत गेला आणि 2003 मध्ये सुमारे 22,900 कोटी येनच्या कर्जासकट दिवाळखोरी जाहीर झाली. 2010 मध्ये एचआयएस या ट्रॅव्हल कंपनीने घेतलं आणि 18 वर्षं तोट्यात असलेलं पार्क वर्षभरात नफ्यात आणलं. कसं, तर शुद्ध हॉलंडचा हट्ट सोडून. रात्रीची रोषणाई, गुलाबांचे आणि ट्युलिपचे सीझन, भुताची घरं, आणि 2015 मध्ये रोबोट चालवणारं हॉटेल, जिथे रिसेप्शनला डायनासोर रोबोट बसवला होता. खोलीतली रोबोट-बाहुली माणसाच्या घोरण्याला प्रश्न समजून त्याला मध्यरात्री उठवायची, अशा तक्रारी इतक्या झाल्या की 2019 मध्ये निम्म्याहून जास्त रोबोट काढून टाकले. 2022 मध्ये हे सगळं पीएजी नावाच्या गुंतवणूक कंपनीला सुमारे 10,000 कोटी येनना विकलं गेलं. पवनचक्कीखाली डायनासोर का, असं विचारणारे पाहुणे फारसे नव्हते हे लक्षात घ्यायला हवं.

बाकीच्यांचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. होक्काइदोतल्या ओबिहिरोचं जर्मन गाव 1989 ला उघडलं आणि 2000 च्या दशकात बंद पडलं. निइगाता रशियन व्हिलेज 1993 ला सुरू झालं, रशियातल्या सुझदालच्या चर्चची निळ्या घुमटांची प्रतिकृती आणि नाचगाण्याला खरे रशियन कलाकार असं सगळं होतं, पण पैसा पुरवणारी स्थानिक बँक 1999 मध्ये बुडाली आणि 2004 ला कायमचं टाळं लागलं. पुढे कितीतरी वर्षं पडक्या इमारतींचे फोटो काढणारे तिथे जात राहिले.

टिकलेली गावं बघितली तर प्रत्येकाकडे युरोप सोडून आणखी एक कारण आहे. फुकुशिमाच्या ब्रिटिश हिल्सला (1994) शाळांची मुलं इंग्रजी शिकायला येतात, आत इंग्रजीतच बोलायचं. मिए जिल्ह्यातलं शिमा स्पेन व्हिलेज (1994) किन्तेत्सु रेल्वेचं आहे, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि इसेचं मोठं देवस्थान त्याच बाजूला. या स्पेनमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या जन्माच्या किल्ल्याची प्रतिकृती आहे, तो 1549 मध्ये जपानला आला होता म्हणून. हाच तो ज्याचं शव ओल्ड गोव्याला ठेवलंय.

कोरिया

सोलच्या पूर्वेला गाप्यॉंगमध्ये, चॉंगप्यॉंग तलावाच्या वरच्या उतारावर पेटिट फ्रान्स आहे, 2008 ला सुरू झालेलं. छोटंसं, पांढऱ्या-पिवळ्या घरांचं, फ्रेंच लेखक सांतेक्झुपेरीच्या "छोटा राजकुमार" या पुस्तकाभोवती रचलेलं, आणि एक जुनं फ्रेंच घर तुकडे सोडवून आणून पुन्हा जोडलंय. टीव्ही मालिकांचं शूटिंग झाल्यावर ते आशियाभर पोचलं. इथे येणारे थायलंड-फिलिपिन्सचे पर्यटक फ्रान्स बघायला येत नाहीत, ते मालिकेत बघितलेली कोरियातली जागा बघायला येतात. 2021 मध्ये शेजारीच इटालियन गावही उघडलंय.

नामहेचं जर्मन गाव मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे आणि माझ्या मते या यादीतलं सगळ्यात बघण्यासारखं. 1963 पासून 1970 च्या दशकापर्यंत गरीब दक्षिण कोरियाने हजारो तरुण पश्चिम जर्मनीच्या कोळसा खाणीत कामाला पाठवले आणि हजारो मुली नर्स म्हणून, त्यांनी पाठवलेल्या जर्मन मार्कांवर (तिथल्या तेव्हाच्या चलनावर) घरं चालली आणि देशालाही परकीय चलन मिळालं. तिकडे तीस-चाळीस वर्षं काढून म्हातारपणी परत यायचं म्हणणाऱ्यांसाठी नामहे काउंटीने 2001 पासून दक्षिण किनाऱ्यावरच्या डोंगरउतारावर प्लॉट दिले आणि त्यांनी तिथे जर्मन पद्धतीची घरं बांधली, पांढऱ्या भिंती, तांबडी कौलं, काहींनी सामानही जर्मनीहून आणलं. यातल्या काहींचे जोडीदार जर्मन. म्हणजे इथे जर्मनी ही थीम नव्हती, लोकांचं अर्धं आयुष्य होतं. नंतर काउंटीने ऑक्टोबरमध्ये बिअर फेस्टिवल सुरू केला, खाणकामगार आणि नर्सेसचं म्युझियम काढलं, कॅफे आले, गेस्टहाउस आले आणि गाव पर्यटनस्थळ झालं, मूळ रहिवाशांना हवं होतं त्यापेक्षा जरा जास्तच.

चीन

चीनमध्ये कारण होतं घरं विकणं. शांघायने 2001 मध्ये "एक शहर, नऊ गावं" अशी योजना काढली, उपनगरात वेगवेगळ्या देशांच्या धाटणीची गावं. त्यातलं सोंगच्यांगचं थेम्स टाउन 2006 ला पूर्ण झालं, दगडी चर्च, लाल टेलिफोन बूथ, चर्चिलचा पुतळा, आणि इंग्लंडमधल्या लाइम रेजिस गावच्या पब आणि फिश-अँड-चिप्सच्या दुकानाची नक्कल, मूळ मालकिणीला न विचारता. घरं गुंतवणूक म्हणून विकली गेली, राहायला फार कोणी आलं नाही, पण लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची रांग लागली, इतकी की चौकात एका वेळी डझनभर नवऱ्या पांढऱ्या गाऊनमध्ये दिसायच्या.

ग्वांगदोंग प्रांतात बोलुओला मिनमेटल्स या सरकारी कंपनीच्या बिल्डर शाखेने ऑस्ट्रियाचं हालस्टाट गावच उचललं, चर्च, चौक, तळं, सगळं. 2011 मध्ये ऑस्ट्रियातल्या गावकऱ्यांना याचा पत्ता लागला तेव्हा आधी संताप झाला, जागतिक वारसा असलेल्या आपल्या गावाची मोजमापं कोणीतरी गुपचूप घेऊन गेलं म्हणून, पण जून 2012 च्या उद्घाटनाला त्यांचा मेयर स्वतः हजर होता आणि सांस्कृतिक करारही झाला. फुकटची जाहिरात कोण सोडतं.

शेनयांगच्या हॉलंड व्हिलेजची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. फुलांच्या धंद्यात श्रीमंत झालेला चिनी-डच उद्योजक यांग बिन याने ते बांधायला घेतलं. सप्टेंबर 2002 मध्ये उत्तर कोरियाने त्याला सिनुइजू या आपल्या नव्या विशेष क्षेत्राचा प्रमुख नेमलं आणि काही दिवसांतच चिनी पोलिसांनी त्याला उचललं. 2003 मध्ये 18 वर्षांची शिक्षा झाली, गाव अर्धवट राहिलं आणि नंतर पाडलं गेलं.

दक्षिण-पूर्व आशिया

क्वालालंपूरपासून साधारण 60 किलोमीटरवर, पहांग राज्यातल्या बुकित तिंग्गीच्या जंगलात कोलमार ट्रॉपिकाल आहे, 2000 च्या सुमाराचं, फ्रान्सच्या आल्सास भागातल्या कोलमारवर बेतलेलं. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांची घरं, टोकाला टॉवर. वर डोंगरात जपानी बाग आहे, कारण फ्रान्स एकट्याने लोकांना दिवसभर पुरत नाही. आल्साससारखी घरं आणि भोवती गच्च हिरवं विषुववृत्तीय जंगल, सकाळी धुकं उतरलं की हे विचित्र मिश्रण छान दिसतं, दुपारी ऊन आलं की भिंतीवरचं शेवाळ आणि उडालेला रंग दिसायला लागतो.

दा नांगजवळचं बा ना हिल्स हे खऱ्या फ्रेंच हिल स्टेशनच्या जागेवर आहे. फ्रेंचांनी 1919 मध्ये इथे सुरुवात केली, साहेब लोक पालखीसारख्या खुर्चीत बसून वर यायचे आणि ती वाहायची व्हिएतनामी मजुरांनी. फ्रेंच गेल्यावर जंगलाने सगळं गिळलं. सन ग्रुपने 2009 मध्ये रोपवे आणला, 2013 मध्ये 5,801 मीटरची विक्रमी लाइन, वर चर्चसकट फ्रेंच गाव, आणि 2018 मध्ये दोन प्रचंड हातांनी उचलून धरलेला सोनेरी पूल, ज्याचे फोटो प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेलेत. ते हात दगडी वाटतात पण जाळी आणि फायबरग्लासचे आहेत. गंमत म्हणजे तिथली खरी फ्रेंच वस्तू, 1923 चं डोंगरात खोदलेलं दबे वाइन तळघर, बघायला सोनेरी पुलाच्या मानाने फारच कमी लोक थांबतात.

थायलंडमध्ये बँकॉकपासून अडीच-तीन तासांवरच्या खाओ याईला इटलीचं वेड आहे, पालिओ, प्रिमो पियाझा, तोस्काना व्हॅली. द्राक्षाचे मळे आणि वायनरी खरोखर आहेत म्हणून इटली जरा तरी शोभते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पारा थोडा उतरला की बँकॉकची मंडळी कोट-मफलर घालून येतात, कारण वर्षभरात ते घालायची ही एकच संधी. इंडोनेशियात बांदुंगच्या वरच्या लेम्बांगला फार्महाउसमध्ये जुने डच पोशाख भाड्याने मिळतात. ज्यांच्या पणजोबांवर डचांनी राज्य केलं त्या पोरी आज डच झगा घालून सेल्फी काढतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. बरोबरच आहे, तो झगा आता फक्त एक झगा आहे.

लवासा

मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या काठावरचं लवासा हे इटलीच्या पोर्तोफिनोवर बेतलेलं. मराठी वाचकाला त्याची गोष्ट नव्याने सांगायला नको, जमिनींचे वाद, नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवणं, मग परवानगी, मग 2018 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. घोषणा शहराची होती, वापरात आलं ते त्यातल्या दासवे भागातलं एक टोक, आणि तेही पावसाळ्यातल्या वीकेंडचं पिकनिक स्पॉट म्हणून. मुळशीचा पाऊस आणि भूमध्य समुद्राकाठचा केशरी-पिवळा रंग यांचं जमत नाही हे भिंती बघून कळतं.

हे लवासापुरतं नाही. युरोपातल्या यातल्या बऱ्याच घरांना रुंद वळचण आणि व्हरांडे नसतात, भिंत उघडी असते. मान्सूनच्या मुलखात तशी भिंत दरवर्षी रंगवावी लागते आणि रंगवायला पैसे नसले की दोन-तीन पावसाळ्यात गाव म्हातारं दिसायला लागतं. शिवाय बहुतेक ठिकाणी आतून आरसीसी आणि बाहेरून चिकटवलेल्या पट्ट्या असतात, त्या सुटतात. देखभालीचा हा खर्च प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये क्वचितच नीट धरलेला असतो, आणि "एकदा बघून झालं" म्हणणारा पाहुणा परत येत नाही, या दोन गोष्टींनी यातली बहुतेक गावं खाल्ली.

जाणाऱ्यांसाठी

येणाऱ्याला फसवलं जातं असं अजिबात नाही. हे फ्रान्स नाही हे लहान मुलालाही माहीत असतं. लोकांना मिळतं ते युरोपच्या शेंगेन व्हिसाची फाइल न करता, आई-बाबांना आणि पोरांना घेऊन, गाड्यांच्या हॉर्नशिवाय चालता येईल असा रस्ता. तो आपल्याच शहरात का नाही मिळत, हा प्रश्न खरा, पण तो रिसॉर्टवाल्याला विचारून उपयोग नाही.

शनिवार-रविवार आणि त्या त्या देशातल्या मोठ्या सुट्ट्या टाळाव्यात. मुक्काम करणार असाल तर दिवसाचे पाहुणे संध्याकाळी गेल्यानंतरचा वेळ सगळ्यात चांगला. वरच्या मजल्याच्या खिडक्या पुष्कळदा नुसत्या रंगवलेल्या असतात, जिना दिसला म्हणून चढायला जाऊ नये. हाउस टेन बॉशला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून थेट गाडी जाते. कोलमार ट्रॉपिकालला स्वतःची गाडी असलेली बरी. बा नाला धुकं असेल तर पूल दिसतच नाही आणि तिकीट अलीकडे नऊ-दहा लाख डोंगच्या घरात गेलंय (आकड्याने दचकू नका, रुपयात साधारण तीन-साडेतीन हजार), त्यामुळे हवामान बघूनच निघावं. नामहेला घरांच्या फाटकातून आत शिरून फोटो काढू नयेत, तिथे आजी-आजोबा राहतात.

मूळ गावांचं काय

नकलेमुळे मूळ गावाचं महत्त्व कमी होईल अशी भीती असायची, झालं उलटंच. सात-आठशे वस्तीच्या ऑस्ट्रियातल्या हालस्टाटला चीनमधल्या प्रतिकृतीनंतर आशियातून येणाऱ्या पर्यटकांचा लोंढा वाढला आणि कोविडच्या आधी गर्दीच्या दिवशी 10,000 माणसं यायला लागली. मे 2020 पासून टुरिस्ट बसना वेळेचे स्लॉट लावले. मे 2023 मध्ये सेल्फीच्या प्रसिद्ध जागेसमोर लाकडी कुंपण घातलं, सोशल मीडियावर आरडाओरडा झाल्यावर ते काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी गावात येणारा बोगदा काही वेळ अडवून धरला, मागणी अशी की रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घाला आणि संध्याकाळी पाचनंतर बस येऊ देऊ नका.